उजव्या हाताचा शिफ्टर

गुरुवार, ९ नोव्हेंबर

चि. धांदरट हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. मिळून बरेच दिवस झाले, खोटं कशाला सांगू? तू सायकलीवाचून खोळंबली असशील आणि बसच्या रांगेत उभी राहून माझ्या नावाने बोटं मोडत असशील, हे मला इथून दिसत होतं. पण हात चालत नव्हता. बाकी आम्ही दोघं ठीक आहोत. आईचे गुडघे बोलतात, माझी पाठ बोलते, त्यामुळे आम्हा दोघांना एकमेकांशी फारसं बोलावं लागत नाही.

उशिराचं एक कारण म्हणजे घरात रंगकाम चालू आहे. वरच्या खोलीच्या भिंती खरवडून काढल्या. त्याची पूड जिन्यावरून खाली येते, चहात पडते, चष्म्यावर बसते. अशा धुळीत गिअर बदलायचा शिफ्टर उघडला आणि ग्रीसला पूड चिकटली की संपलंच. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण मशीनच्या पोटातही इतकी गर्दी नसते. ब्रेक आणि गिअर दोन्ही एकाच मुठीत बसवायचा हट्ट कुणाचा होता कोण जाणे.

तू विचारशील, ती खोली तर बंदच असते, तिला रंग कशाला? सांगतो. आधी शिफ्टरचं.

तुम्ही दोघं वेगळे झालात त्या वर्षी तू तो पहिल्यांदा पाठवलास, तेव्हा त्याला तसं काही झालं नव्हतं. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं, त्यामुळे खटका आतल्या चाकाच्या दाताला धरत नव्हता. रॉकेलने धुतला, दोन थेंब तेल सोडलं, लगेच बोलायला लागला. मी बरोबर चिठ्ठी ठेवली आणि खाली काय लिहावं ते न सुचून 'मेकॅनिक' अशी सही केली. तुला गंमत वाटली, म्हणून मग तीच चालू ठेवली. पुढच्या खेपेला केबल आतल्या आत तुटून तिचं टोक अडकलं होतं. मग एक स्प्रिंग तुटली. मग खटकाच झिजला. झिजणारच! चढ लागायच्या आधी गिअर बदल, हे तुला सांगून सांगून माझी जीभ झिजली. तू मात्र अर्ध्या चढावर, धाप लागल्यावर, दात-ओठ खाऊन गिअरचा दांडा दाबणार. डावा शिफ्टर अजून नव्यासारखा आहे. सगळं सोसलं ते उजव्याने.

याचे आतले भाग सुटे मिळत नाहीत. दुकानदार सांगतो, उघडूच नका, बिघडला की फेका आणि नवीन बसवा. मग ती स्प्रिंग आणि तो खटका मी कुठून आणला, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही बोललो नाही. लग्न झालं तेव्हा तुम्हा दोघांना मी एकसारख्या सायकली घेतल्या होत्या. आमच्या चिरंजीवाची जिन्याखाली भिंतीला टांगलेली असते, वर चादर. तू गेल्यापासून त्याने तिला हात लावला नव्हता. मी लावला.

मागच्या महिन्यात त्याने चादर काढली. टायरमध्ये हवा भरली, साखळी पुसली आणि उजवा दांडा दाबला. तो खटकन वाजायच्या ऐवजी लुळा पडला. त्याने मुठीवरचं रबर मागे सारून आत डोकावून पाहिलं.

"बाबा, याच्यात काहीच नाहीये."

"जुना झालाय रे तो."

"जुना झाला की आतलं सामान पळून जातं?"

आई सांभाळून घेईल असं वाटलं, तर ती म्हणाली, "अहो, सांगा की आता."

सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतो. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं ती माझ्याच गिअरवर चालतेय." चादरीची घडी घालत परत म्हणाला, "तुम्ही तिचे बाबा राहा, माझं काही म्हणणं नाही. फक्त माझ्यापासून लपवू नका." त्याच्यावर रागवायची माझी फार तयारी होती गं. ती फुकट गेली.

आता इतक्या वर्षांनी त्याला सायकल का आठवली? त्याला बरोबर चालवणारं कुणीतरी भेटलं आहे. तो लग्न करतोय. पुढच्या महिन्यात. वरची खोली त्यासाठीच रंगवतोय. रंगकामाचं नुसतं निमित्त होतं, खरं तर ही दोन वाक्यं लिहायला मला इतके दिवस लागले.

ती वाईट असती तर बरं झालं असतं, चार शब्द तिच्या नावाने लिहून मोकळा झालो असतो. पण ती चांगली आहे. चपला जोडीने काढून ठेवते. (तुझी एक दारात आणि एक जिन्यात असायची.) आईचं गुडघेपुराण मन लावून ऐकते. मला ती आवडली, आणि आवडली म्हणून दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. परवा ती मागून 'बाबा' म्हणाली आणि मी तुझं नाव घेऊन ओ दिली. ती कपबशा उचलून आत घेऊन गेली. आई मात्र माझ्याकडे बघत राहिली.

त्याने चादर काढली त्याच आठवड्यात तुझं पार्सल आलं. या खेपेला आत तुझी चिठ्ठी नव्हती. रंगारी जेवायला गेल्यावर मी शिफ्टर उघडला. काही तुटलेलं नव्हतं, काही सुकलेलं नव्हतं. दांडा परत आणणाऱ्या स्प्रिंगचं टोक तेवढं खाचेतून बाहेर आलेलं आणि शेजारी धातूवर ताजा ओरखडा. स्प्रिंग तुटते, ढिली पडते, पण आपण होऊन खाचेतून उतरत नाही. तिला टोकदार चिमट्याने उचलावं लागतं. ते कसं करायचं हे तू याच टेबलापाशी, माझ्यासाठी बॅटरी धरून बसायचीस, तेव्हा शिकलीस.

मी ती जागेवर बसवली. कामच तेवढं होतं. मग रंगारी परत आले तरी मी तिथेच बसून होतो. तुला लग्नाचं कुठून तरी कळलं असणार. मी अजून तुझी वस्तू हातात घेतो का, एवढंच तुला बघायचं होतं ना? वेडे, सरळ फोन करायचा. मी तरी कुठे केला म्हणा!

आता नीट ऐक. हा शिफ्टर संपला आहे. दातांच्या कडा गोल झाल्या आहेत, आणि ते आता बदलता येणार नाहीत. भर चढावर गिअर सुटला तर तू तोंडावर पडशील. नवीन घे. हे मला मागच्याच खेपेला दिसलं होतं. पण नवीन घेतलास की मला पाठवायला तुझ्याकडे काही उरणार नाही, या भीतीने मी गप्प बसलो आणि तुला मोडक्या गिअरवर चढ चढायला लावला. थकलो आता या चोरटेपणाला. आईही म्हणते, "तिला स्पष्ट लिहा. गोड बोलून टोलवू नका."

म्हणून स्पष्ट लिहितो. लग्नाला तुला बोलावता येणार नाही. ते तुलाही नको असेल. वरच्या खोलीत तुझं आता काही नाही. तुझी जुनी टोपी आणि हातमोजे आईने आमच्या कपाटात आणून ठेवले आहेत, ते द्यायला ती तयार नाही. लग्न उरकलं की एखाद्या दिवशी ये. घरी पाऊल टाकायला जड वाटलं तर कोपऱ्यावरच्या बागेच्या फाटकाजवळच्या बाकावर भेटू. आम्ही चहा भरून आणतो, फक्त आईला तिथवर यायला वेळ लागतो, तेवढं सांभाळून घे.

शिफ्टर याच पार्सलमध्ये परत पाठवतोय. नवीन येईपर्यंत सपाट रस्त्यावरच चालव. आणि येताना बिघडलेलं काहीही आणू नकोस. नुसती ये.

तुझा
बाबा