सांगणारी मी, लिहिणारे मास्तर

तुशेमिश्त,
१० ऑक्टोबर १९९४

चि. एर्मिरा हिला पोलिक्सेनी आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनच्या मुलीने, मारिकाने, वाचून दाखवलं. त्यात पाऊस होता, मग सायकल होती, मग पुन्हा पाऊस होता. अगं पोरी, हवामान मला रेडिओ सांगतो. तुला डेन्मार्कला शिकायला पाठवलं, तर तिथे शिकवतात कसं ते लिही. हातात छडी असते का? चुकलं तर उभं करतात का? तुझा बाप विचारणार नाही, त्याला बकऱ्यांतून वेळ नाही.

हे पत्रही मारिकाच लिहिते आहे. मी सांगते त्यातलं निम्मंच ती लिहिते असा मला संशय आहे. हे वाक्य तुझ्यापर्यंत पोचलं तर संशय खोटा. मला स्वतःला लिहिता आलं असतं, पण सरकारची माणसं अक्षरं शिकवायला गावात आली तेव्हा तुझा बाप पोटात होता आणि मेंढ्या व्यायला झाल्या होत्या. दोन्ही थांबण्यातलं नव्हतं.

क्रिस्ताक मास्तर बसथांब्यावर भेटले की तुझी चौकशी करतात. अजून रोज कोर्चा शहरातल्या कॉलेजात शिकवायला जातात, त्याच कोटात. त्यांच्या शिफारशीवर तू गेलीस, त्यांना दोन ओळी टाक. अंगात लोकर घाल.

तुझीच, न भांडता करमत नसलेली,
आजी

ऑर्हूस,
१४ नोव्हेंबर १९९४

ती. आजीस सा. न. वि. वि.

छडी नाही, आजी. इथे प्राध्यापकांना सरसुद्धा म्हणायचं नाही, नुसती नावाने हाक. आमचा थोरकिल टेबलावर चढून बसतो, पाय हलवतो, शिकवताना गाजर खातो. हातात एक कागद नाही. पहिल्या निबंधात मी आपल्या तळ्याचा अख्खा धडा, कॉलेजात पाठ केला तसा, स्वल्पविरामही न गाळता लिहून दिला. त्याने परत दिला आणि विचारलं, की छान आहे, पण हे कोणाचं? तुझा प्रश्न काय आहे? मी संडासात जाऊन रडले. प्रश्न असायला हवा हेच मला कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी पहिला प्रश्न विचारला. थोरकिल म्हणाला, माहीत नाही. आणि आजी, त्याला आनंद झाला! गाजर खाली ठेवून म्हणाला, चल, शोधू या.

आणि एक आपले क्रिस्ताक सर! पिवळे पडलेले कागद, नाकावर चष्मा, एकदा ‘लिहा’ म्हणाले की घंटा होईपर्यंत मान वर करायची नाही. ते खोकले तर तेही आम्ही उतरवून घेतलं असतं. मी इथे त्यांची नक्कल करते तेव्हा मुलं लोळून हसतात. चार वर्षं मी शिकले नाही गं, नुसती कारकुनी केली.

मारिकाला म्हणावं, हे गावात बोलू नकोस.

तुझ्या चुलीवर भाजलेल्या लाक्रोरच्या वासाला आसुसलेली,
एर्मिरा

तुशेमिश्त,
९ डिसेंबर १९९४

चि. एर्मिरास आशीर्वाद, वि. वि.

आधी खाली बस. मारिका नवऱ्यापाठोपाठ ग्रीसला गेली, शेळीसुद्धा विकून. तुझं पत्र आलं तेव्हा तुझा बाप बकऱ्यांमागे, आणि वाचता येणारा जवळचा माणूस म्हणजे क्रिस्ताक मास्तर. तेव्हा वाचलं त्यांनी, आणि हे लिहितायत तेही तेच.

पूर्ण वाचलं. गाजरापर्यंत गालातल्या गालात हसत वाचत होते. पुढे त्यांचं नाव आलं तशी मी म्हटलं, मास्तर, एवढं सोडून द्या. ते म्हणाले, काकू, मी आजवर कुठला परिच्छेद गाळला नाही. खोकल्याच्या जागी त्यांना खरंच खोकला आला, थंडी फार आहे. शेवटी मारिकाला दिलेली ताकीद वाचून त्यांनी मला शब्द दिला, की गावात बोलणार नाही. मग चष्मा पुसत बसले.

घरात कोणी गप्प बसलं की मला सोसत नाही. म्हटलं, आता मी सांगते आणि तुम्ही लिहा, मान वर करायची नाही. तेव्हा हसले. इतक्या वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

एक गोष्ट त्यांना स्वतःची घालायची आहे, मी परवानगी दिली. सबंध वर्गाला पुस्तक एकच होतं, आणि ते कॉलेजाबाहेर न्यायला मनाई होती. म्हणून त्यांनी ते हाताने उतरवलं आणि वर्गात सांगत गेले, म्हणजे प्रत्येक पोर निघताना पुस्तक घरी घेऊन जाईल. हे सबब म्हणून नाही, माहिती म्हणून लिहा, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, लिहिणारे तुम्ही आहात.

आणि त्यांनी विचारलंय, की तो थोरकिल प्रश्न विचारतो आणि कोणीच बोललं नाही, तर पुढे काय करतो? नीट कळव.

जीभ आवर, पण पत्रं आवरू नकोस.
आजी

ऑर्हूस,
८ जानेवारी १९९५

ती. आजीस आणि ती. क्रिस्ताक सरांस सा. न. वि. वि.

सर, हे तुम्हीच वाचताय हे माहीत असून लिहिते आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा खोडली. मी उद्धटपणा केला. तुमचं पत्र आलं त्या दिवशी वर्गात मुलांनी नक्कल करायचा आग्रह धरला, मी केली नाही. पण आधी केलेल्या परत कशा घेऊ? पुस्तक एकच होतं हे मला कधी दिसलं नाही, कारण माझ्या वहीत ते सगळं होतं. उन्हाळ्यात येऊन समोर उभी राहीन. तोवर ही पत्रातली माफी अर्धीच समजा.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर सोपं आहे. कोणी बोललं नाही तर थोरकिल काहीच करत नाही. गप्प बसून वाट बघतो. कोणीतरी बोलतंच.

आजीला म्हणावं, तिने विणून पाठवलेले मोजे पोचले, दोन्ही डाव्या पायाचे आहेत.

दोघांच्याही रागाला पात्र असलेली,
एर्मिरा

तुशेमिश्त,
२० एप्रिल १९९५

चि. एर्मिरास आशीर्वाद, वि. वि.

मोजा हा मोजा असतो, त्याला डावाउजवा नसतो. तुझे पाय तपासून घे.

आता पुढचं मास्तर लिहायला तयार नव्हते. मी म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांना लिहायला लावलंत, आता लिहा. मला हे त्यांनी सांगितलेलं नाही, बेकरीच्या रांगेत कळलं.

मार्चमध्ये एका सोमवारी मास्तर कागद घरी ठेवून वर्गात गेले. टेबलावर चढून बसले. गुडघा धड नाही, तेव्हा चढायलाच वेळ लागला. मग मुलांना विचारलं, की आपल्या तळ्याला पाणी कुठून येतं, तुम्हाला काय वाटतं? आणि गप्प बसून वाट बघू लागले.

मुलं पेनं उघडून बसलेली. आपल्याकडे मास्तरने काय वाटतं विचारलं की कोणाची तरी कंबख्ती भरली, हे पोरं आईच्या दुधातून शिकलेली. आमच्या काळात तर वाटलं ते बोललेल्यांना सरकार उचलून न्यायचं, ती माणसं परत आली नाहीत. एकानेही तोंड उघडलं नाही. मास्तरही हलले नाहीत. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी धावत पाणी घेऊन आली, तिला वाटलं मेंदूत काही झालं. दुसरा मोठ्या साहेबांना बोलवायला पळाला. पुढच्या सोमवारी मास्तरांनी पुन्हा तेच केलं. मग कोर्चाभर झालं, की बिचारे धडा विसरले, मुलांनाच उत्तरं विचारतात.

कॉलेजाने फार प्रेमाने घरी बसवलं, वर्ष संपायच्या आधीच. फुलं दिली, भाषणं केली, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

मी विचारलं, मी आजारी नाही असं सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, काकू, काय सांगणार होतो? एका विद्यार्थिनीच्या पत्रातून नवीन शिकलो म्हणून?

लिहून झालं. मान खालीच आहे त्यांची. तू काही लगेच लिहू नकोस, आधी जेव.

आजी

ऑर्हूस,
११ मे १९९५

ती. आजीस व ती. सरांस सा. न. वि. वि.

जेवण गेलं नाही, आजी.

कोणीतरी बोलतंच, असं मी लिहिलं. इथे बोलतं. तिथे का बोलत नाही हे मला ठाऊक होतं, मी त्याच बाकावर चार वर्षं बसले होते. त्या दिवशी मी तिथे असते तर पाणी आणायला मीच धावले असते. एवढी एक ओळ लिहायची राहिली, आणि सर, तुम्ही माझा शब्द खरा मानलात. तुम्ही शिकवलेलं आम्ही मानायचो तसाच.

कॉलेजाला पत्र लिहू का? लिहिलं तर ते खरं मानतील का? थोरकिलला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि पहिल्यांदा त्याच्या गप्प बसण्याचा मला राग आला.

उन्हाळ्यात येणं होत नाही. इथे परत यायचा परवाना वेळेत मिळणार नाही, आणि तो नसताना निघाले तर शिक्षण इथेच संपेल. म्हणजे समोर उभं राहणंही राहिलं.

म्हणून कागदावरच उभी राहते. सर, चौथ्या वर्षी मनात आलेला प्रश्न आहे, तेव्हा विचारला नाही. पलीकडच्या प्रेस्पा तळ्याचं पाणी डोंगराखालून येऊन आपल्या झऱ्यांत निघतं, असं तुम्ही लिहून दिलंत. डोंगरात शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत ते असतं कुठे? कोणत्या वाटेने येतं?

तुमची विद्यार्थिनी,
एर्मिरा

तुशेमिश्त,
२ जून १९९५

चि. एर्मिरास आशीर्वाद, वि. वि.

पत्र मास्तरांनी ओसरीवर वाचलं. कॉलेजाला लिहू नको म्हणाले, घड्याळ परत मागतील. मग तुझा प्रश्न दोनदा वाचला, उठले, आणि घरामागच्या झऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले. डोंगरी चहा गार झाला. मी हाक मारली नाही, यावरून काय ते समज.

परत आले आणि म्हणाले, माहीत नाही. मला वाटलं घोटभर पाणी हवंय, म्हणून ग्लास पुढे केला. ते पुन्हा म्हणाले, माहीत नाही, जरा मोठ्याने, जसं नव्या पदार्थाची चव बघावी तसं. हसत होते. थोड्या वेळाने म्हणाले, खरं सांगायचं तर हे पोरीने तेव्हा विचारलं असतं तर मी तिला खाली बसवलं असतं. हेही लिहितो, म्हणाले. लिहिलं.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, काकू, तुम्हाला काय वाटतं?

मी कुठल्या वर्गात बसले नाही, त्यामुळे गप्प कसं बसायचं ते मला येत नाही. मी म्हटलं, पाणी आत दमून झोपत असेल, बर्फ वितळलं की जागं होत असेल. मास्तर म्हणाले, हे साफ चूक आहे. मी म्हटलं, तुम्हाला तर माहीतच नव्हतं. यावर आम्ही चहा संपेपर्यंत भांडलो. फार छान भांडतात गं. कोणाला कधी कळलंच नाही.

नंतर ओसरीवरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले. तुझी, बकऱ्यांमागे गेलेल्या तुझ्या बापाची, मारिकाची. म्हणाले, हे सांगायला आता वर्ग नाही.

मी त्यांच्यासमोर कागद सरकवला. म्हटलं, लिहा मास्तर, आणि ते लिहू लागले.

तुझी खुर्ची ओसरीवरच ठेवली आहे. आमच्यावरची माया कमी करू नकोस, आणि विचारायचं असेल ते विचारत राहा. वाचायला तेच असतात.

आजी