डॉक्टरीणबाईंनी ऐकलेली मिश्री

प्रिय आई,

फोनवर तू विषय बदलतेस आणि मीही बदलू देतो, म्हणून कागद घेतलाय. विजयश्रीताई वाचून दाखवेल. तिला सांग, मधलं काही गाळायचं नाही.

हिरड्यांतून रक्त येतं का अजून? थांबलं असेल तर लगेच खूश होऊ नकोस. का ते सांगतो, आधी गंमत ऐक. माझ्या खोलीतला अय्याज आहे ना, उत्तर प्रदेशातला, परवा गावाहून आला आणि माझ्या हातात पुडी ठेवून म्हणाला, घरची मिश्री आहे, तोंडात टाक. मी मागंच सरकलो. म्हटलं, भावा, माझी आई लावते दातांना, मी नाही त्या वाटेला जात. तो बघतच राहिला. दातांना? मिश्री? पुडी उघडली तर आत खडीसाखर. त्यांच्याकडं खडीसाखरेलाच मिश्री म्हणतात. आपल्याकडं तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटतात, तिला मिश्री म्हणतात, हे सांगितल्यावर तो हसून हसून कॉटवर आडवा झाला. मीही हसत होतो, आणि मधेच तुझ्या डॉक्टरीणबाई आठवल्या.

कारण दिवाळीत तू आलीस तेव्हा रहाटणीच्या दातांच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईही हिंदीच बोलत होत्या. तू किती फुलून बाहेर आली होतीस. म्हणालीस, बाई लई गुणाची, मिश्री लावते म्हटलं तर म्हणाली थोडी थोडी चालेल, नंतर चूळ भरा. मंजुळामावशी मिश्री सोड म्हणत उगाच मागं लागते म्हणून रिक्षात तिच्या नावानं बोटंही मोडलीस.

सुट्टीच्या दिवशी बाईंचा दवाखाना शोधत निघालो. वाटेत पंक्चरच्या दुकानात एक पोपट गिऱ्हाइकाला ‘हवा भर, राव’ म्हणत होता, तिथं अर्धा तास गेला. जाऊ दे. बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, मला वाटलं आजी गोड खातात. रांग मोठी, टॉर्चच्या उजेडात बघितलं, डाग चहाचे वाटले. मग मात्र हसू आवरून नीट समजावलं. तंबाखूनं रक्त कमी दिसतं, त्यामुळं सगळं बरं वाटतं आणि आतल्या आत हिरडी दात सोडत जाते. दाताच्या मुळाशी चिकट थर बसतो, रोज निघाला नाही तर दगडासारखा होतो, मग ब्रश हरतो. तो त्यांनाच काढावा लागतो. थर काढून घेतला की दात हलतात असं मावशी सांगते ते खोटं. मऊ ब्रश, सकाळी आणि झोपताना, दात आणि हिरडी भेटतात तिथं हलक्या हातानं गोल गोल. रक्त दिसलं म्हणून ब्रश ठेवून द्यायचा नाही, ते थांबत नसेल तर दाखवायचं.

मला हे लगेच पटलं. आमच्या कंपनीत शिफ्ट सुरू झाली की पहिली दहा मिनिटं ज्यानं त्यानं आपलं मशीन पुसायचं. उद्धवराव सुपरवायझर म्हणतात, फडकं फिरतं तेव्हाच गळती दिसते. आधी मी त्या दहा मिनिटांत चहाला पळायचो. आता नाही पळत. चाकणच्या या एकाच मशीनवर चौदा महिने झाले, आई. माझा मलाच विश्वास बसत नाही. दोन वेळा ब्रशही करतो, अय्याज बाहेरून दार वाजवत असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या दिवशी शिबिराच्या मांडवाच्या दाराशी तू म्हणालीस, माझ्यासंगं आत ये, मला तिची बोली उमगत न्हाई. तू माझ्याकडं कधी काही मागत नाहीस. मी आलोच म्हटलं आणि रस्त्यावर क्रेन बंद पडलेली बस उचलत होती ती बघत उभा राहिलो. परत आलो तर तुझं झालेलं. शेजारी बसलो असतो तर एका शब्दात मिटलं असतं. तू मला बोल लावला नाहीस, म्हणून जास्तच टोचतं. शनिवारी अकराचा नंबर लावलाय. शुक्रवारी मी स्वतः न्यायला येतो, आणि तुझं होईपर्यंत खुर्चीला खुर्ची लावून बसतो. तोवर मिश्री सुटली नाही तरी चालेल, पण ये. आणि डबी आण बरोबर, बाईंना ती एकदा डोळ्यांनी बघायचीय.

तुझाच,
समाधान