बेचाळीस की अकरा?

३ डिसेंबर
माझी खिडकीजवळची खुर्ची गेली! भोर संस्थान विलीन झालं तेव्हाही एवढा अन्याय झाला नसेल. कारण काय – तर ऑफिसातल्या नव्या फौजियाला कामाला उजेड लागतो. मला काय, अंधारात दिसतं?

५ डिसेंबर
उत्रोलीजवळच्या वाडीचा वीज-आराखडा दोन वर्षं मी करतोय. सौरपॅनेल, गोबरगॅसवरचं जनित्र, बॅटरी – सगळं एकत्र. गोम एकच. 'दळण, पाणी दुपारीच उरका' असा मोबाईलवर निरोप गेला, तर किती घरं ऐकतील? ऐकली तर लहान बॅटरी पुरते. नाही ऐकली तर ऐन दिवेलागणीला वाडी अंधारात.

मी घरोघर जाऊन विचारलं. साठांपैकी बेचाळीस!

फौजिया म्हणते, अकरा. सहा महिन्यांपूर्वी आलेली पोरगी! तिनं कुणाला विचारलंसुद्धा नाही. पंधरा दिवस पिठाच्या गिरणीत बसून कोण कधी येतं ते टिपलं म्हणे. गिरणीत बसून आराखडे होत असते, तर गिरणीवाला सोनबा मुख्य अभियंता नसता झाला?

८ डिसेंबर
चाचणीचा निरोप गेला. ऐकलं दहाच घरांनी.

९ डिसेंबर
संध्याकाळी वाडीत गेलो. गिरणीत बायकांची रांग. पुढं अक्काबाई – मला सगळ्यांत आधी 'व्हय' म्हणणाऱ्या!

"अक्काबाई, तुम्ही तर हो म्हणाला होतात!"

"मंग? दारात आलेल्याला न्हाई म्हनायचं व्हय? च्या बी पाजला की तुमाला! दुपारी आमी समद्या भात झोडाय खळ्यावर. दळान आनाय तुमी येनार का, सायब?"

सगळ्या हसल्या. सोनबा जरा जास्तच.

तेवढ्यात फौजिया आली. "ये गं, बस हितं," म्हणून अक्काबाईंनी पोतं झटकून दिलं. मी उभाच. बेचाळीस घरांनी मला पाहुणा मानलं. तिला घरातली.

जळतोय मी. इथं लिहायला कुणाची भीती!

११ डिसेंबर
उद्या वाडीच्या वीज-समितीची बैठक. निघताना फौजिया माझ्या टेबलाशी थांबली. "सर, आकडा उद्या तुम्हीच बदला. मी काही बोलणार नाही."

चांगुलपणा! भांडली असती तर तिचा राग करणं किती सोपं झालं असतं. आणि हे ती कुणाला सांगणारही नाही – ते तर आणखी वाईट.

१२ डिसेंबर
अकरा धरले. मोठी बॅटरी मंजूर. अध्यक्ष सर्जेराव माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्याला म्हनत्यात अनुभव!" टाळ्या.

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. उठलो. "आकडा फौजियाचा आहे. माझा चुकला होता."

मग आराखड्यावर तिचं नाव घातलं. माझ्या वर.