डाकबंगल्यातला पळस

बाबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. आज नातीनं शाळेच्या कार्यक्रमासाठी फुलदाणी सजवली आणि म्हणाली, "आजी, पाहा ना, काही चुकलं का?" मी पाहिलंच नाही. उठून मागच्या अंगणात गेले. म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही डाकबंगल्याचे माळी. चांद्याहून साहेब दौऱ्यावर यायचे असले की झेंडू आणि गुलाब दोऱ्यानं आवळून तुम्ही कोबीच्या गड्ड्यासारखा गुलदस्ता करायचात. त्या वर्षी होळीआधीच बागेतली फुलं करपली. मी बारा वर्षांची. आई जाऊन वर्ष झालेलं, दोन धाकटे भाऊ माझ्यावर. तुम्ही पाणी आणायला गेलात तेवढ्यात मी कुंपणापलीकडून पळसाची एक वाकडी फांदी आणली आणि पितळी फुलदाणीत एका अंगाला झुकवून उभी केली. चार फुलं खुडून टाकली. दुसरं अंग रिकामंच ठेवलं. का, ते मला सांगता आलं नसतं, पण ते भरलं असतं तर फांदी दिसलीच नसती.

तुम्ही येता, पाहता, आणि माझ्या पाठीत धपाटा बसतो. "हा जंगलातला कचरा काऊन आणला वं आत? माही नोकरी घालवशीन का?" तुमचा हात फांदीवर असतानाच साहेबीण दारात उभी राहते. बराच वेळ पाहते. "किती सुरेख! या मुलीनं केलं का? हिला चांद्याला माझ्याकडे पाठवा. मी शाळेत घालते."

"नाई जी, बाईसाहेब. पोरीले काय येते? मीच केलं."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही फुलदाणीकडे.

संध्याकाळी चुलीपाशी मी विचारलं, "बाबा, खोटं काऊन बोलले?" तुम्ही भात कालवत होतात. "तू गेली असती त या पोरायले कोण रांधून घातलं असतं? मले जमते का?" खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. तिथंच थांबला असतात तर कधीतरी विसरलेही असते. पण पुढं साहेबीण येणार कळलं की तुम्ही फांद्या तोडून माझ्यापुढं टाकायचात, "लाव," म्हणायचात, आणि मी लावलेली फुलदाणी उचलून स्वतः आत न्यायचात. माझं लग्न होईपर्यंत, चार वर्षं. तुम्हाला मिळणारी शाबासकी मला मागच्या ओसरीत ऐकू यायची.

तुम्ही गेलात तेव्हा मी कुरखेड्याहून आले. धाकटा म्हणाला, "बाई, हार तूच कर. तुयासारखा कोणाले जमते?" म्हणजे भावांना सगळं माहीत होतं. मी चिंधी बांधलेलं बोट दाखवलं. विळ्यानं कापलं, म्हणाले. मग बाजारातून हार आला, तोच तुमच्या अंगावर पडला.

हे पत्र मी भावांनाही दाखवणार नाही. बोटाला काही झालं नव्हतं, बाबा. चिंधी मी येताना बसमध्ये पदर फाडून बांधली होती.