दुसऱ्याचा श्वास

६ ऑगस्ट
आज दिंद्रुडजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले. खोली हवेशीर, दारात लिंबाची गार सावली. गावच्या आशा कार्यकर्त्या वनमालाताई यांनी आल्या आल्या चहा पाजला. म्हणाल्या, सत्यशीला मॅडम, तुमी आलात, लई आधार झाला. आयसीयूतून घरी परतलेल्यांचं खाणं, झोप, चालणं पाहायचं, हे माझं मुख्य काम. जमेल असं वाटतंय.

८ ऑगस्ट
पहिलं घर सुग्रीव यांचं. न्यूमोनिया झाला तेव्हा अंबाजोगाईला व्हेंटिलेटरवर होते. पायांच्या काड्या झाल्यात, घास गिळताना ठसका लागतो. त्यांना भरवणं, उठवणं, संडासला नेणं, सगळं बायकोवर, छबुबाईंवर. सुग्रीव म्हणाले, "मशीन काढलं, पन श्वास मी घेत न्हाई. दुसरंच कुनीतरी घेतंय." आयसीयूनंतर असे भास होतात, हे मी दोघांना समजावलं. ऐकता ऐकता छबुबाई बसल्या जागी पेंगल्या.

१३ ऑगस्ट
सुग्रीवना अंगणात चालवलं. घामेघूम झाले, नाडी धावत होती. छाती मात्र संथ. वर, खाली. ती खाली जाईल तेव्हाच तोंडातून शब्द सुटत. श्वास रोखायला सांगितलं. त्यांनी तोंड मिटून नाक दाबून धरलं. छाती हलतच राहिली. वनमालाताईंनी मान फिरवली. वरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशक्तपणा आहे, व्यायाम चालू ठेवा. उद्या अजून घरं आहेत. माझे पाय फार दुखतात.

२० ऑगस्ट
सुग्रीव आज स्वतः उठले, भाकरी मागून खाल्ली, धापा टाकत ओटा चढले. ती धाप ऐकून मला रडू आलं. मग भिंतीला टेकलेल्या छबुबाई दिसल्या. छाती संथ. वर, खाली. म्हणाल्या, "रातभर ह्यांचा हात धरून बसले न्हवं मी, तेच आलं माझ्याकडं. जो हात धरंल, त्याच्याकडं जातंय ते."

२३ ऑगस्ट
वनमालाताई आता रस्त्यावरच थांबतात. सुग्रीव बायकोजवळ जात नाहीत. आत्ताच सुटलोय म्हणतात, ताट लांबूनच सरकवतात. छबुबाईंचे ओठ निळसर. अँब्युलन्स बोलावली — वाटेत आहे. तोवर कोणीतरी जवळ बसायला हवं. बसले. त्यांनी हात मागितला नव्हता. मीच —

२४ ऑगस्ट
छबुबाई बऱ्या. अँब्युलन्स रिकामी परत गेली.
मी खोलीवर पडून आहे. वर, खाली. खरं सांगायचं तर — बरं वाटतंय. निदान एवढं तरी मला करावं लागत नाही.

२५ ऑगस्ट
बोटं निळी. लिहिता येतंय, बोलता —
वनमालाताई दाराबाहेर. रडताहेत. आत येऊ का विचारतात. येऊ नका म्हणायचंय — त्याने श्वास आत घेतलाय, सोडत नाही. तो बाहेर येईपर्यंत शब्द —
कडी वाजली.
ताई, हात नका —