डावा, उजवा आणि सासूबाईंचा पाय

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.४०
आजपासून शिस्त. बरोबर तीन आठवड्यांनी ट्रॅक डे. म्हणजे आपली रोजचीच गाडी रेसच्या ट्रॅकवर न्यायची आणि मनसोक्त पळवायची. पन्नाशीच्या आत एकदा तरी करायचंच होतं. पन्नाशीला चार महिने उरलेत.

आयोजकांनी बारा कलमांची तपासणी यादी पाठवलीय. त्यातली सात नुसती ब्रेकची. मी बिस्किटाच्या कारखान्यात बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी. यादी दिसली की पेन आपोआप बाहेर येतं. वाचता वाचता बाराही कलमांवर टिक करून टाकली. तपासणी काय, सवडीने होईल.

ही अजून हो म्हणालेली नाही. शेजारच्या सीटवर बसून फक्त एक चक्कर मार, एवढंच माझं मागणं. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि माझ्या गाडीत ती अजून डोळे मिटून बसते. त्या दिवशी उघडतील.

६.५५. सासूबाई उठल्या. दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहेत. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं, त्यामुळे पहाटे उठून लोकांचे टाके तपासायची सवय. काय लिहिताय म्हणाल्या. ऑफिसचं, म्हणालो.

५ नोव्हेंबर, बुधवार
गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक म्हणाला, पॅड बदला, ब्रेक ऑइल बदला, अर्ध्या दिवसाचं काम आहे, गाडी सोडून जा. मी नुसता हसलो. स्वतःचे ब्रेक दुसऱ्याच्या हाती देणारा ट्रॅकवर काय दिवे लावणार?

खरेदी: पॅड, ऑइल, लाल रंगाचा डबा. रंग यादीत नाही. पण चाकाच्या फटीतून ब्रेकचा लाल कॅलिपर दिसला की समोरचा ओळखतो, हा गंभीर माणूस.

८ नोव्हेंबर, शनिवार
पुढची चाकं काढली. दोन्ही कॅलिपर काढले. कॅलिपर म्हणजे डिस्कला चिमटीत धरून गाडी थांबवणारा लोखंडी जबडा. घासले, पुसले, रंगवले.

अदलाबदल नको म्हणून काढतानाच चिठ्ठ्या बांधल्या. गाडीच्या तोंडासमोर ताठ उभा राहिलो. माझ्या डाव्या हाताला तो 'डावा', उजव्या हाताला तो 'उजवा'. दोरा सासूबाईंनी दिला. मेकॅनिक असं काही करत असेल असं वाटत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
रंगाचा दुसरा हात. दुपारी तिसरा. पॅड बसवायचे राहिले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मधला आठवडा भाषणाच्या तयारीत गेला. कारखान्याच्या बोर्डावर नोटीस लावलीय: सोमवार २४, 'ट्रॅकने शिकवलेली सुरक्षा', वक्ता मी.

आज सगळं बसवलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की गाडीचं डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचं. बसलो, ठरवलं, उतरलो, चिठ्ठ्या बघून बसवलं. बिनचूक. ऑइलच्या पाइपाला जरा पीळ पडला, पण लागला.

मग ब्रेकमधली हवा काढणे. हे दोघांचं काम. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरवरचा बारीक स्क्रू सैल करून ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर काढायचे. हिची मीटिंग होती, म्हणून सासूबाई बसल्या. मी दाबा म्हणायचं, त्यांनी दाबायचं. चाळीस वेळा झालं. शेवटी त्या म्हणाल्या, पायडल लिबलिबीत लागतंय.

आई, हे शिवणयंत्र नव्हे, असं मी प्रेमाने समजावलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा हवा काढली. ऑइलची दुसरी बाटली संपली. बुडबुडे बंद, म्हणजे हवा संपली. याला शास्त्र म्हणतात. सासूबाईंचं लिबलिबीत चालूच.

तो स्क्रू कॅलिपरच्या अगदी तळाशी आहे. वाकून वाकून मान धरली. हवा वर जाते एवढं शेंबड्या पोराला कळतं, आणि कंपनीने हवा काढायचा स्क्रू खाली दिलाय. डिझाइनमधली ढोबळ चूक. कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं.

संध्याकाळी हिने निकाल दिला: "आईच्या पायाला पायडल पटलं, तरच मी शेजारी बसेन."

म्हणजे चोवीस वर्षांचा माझा संसार आता सासूबाईंच्या उजव्या पायाखाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
माझं नवं संशोधन. पेडल आठ-दहा वेळा भराभर दाबलं की थोडा वेळ मस्त घट्ट होतं. याला फसवणूक म्हणत नाहीत. वॉर्म-अप म्हणतात.

संध्याकाळी वॉर्म-अप करून सासूबाईंना हाक मारली. त्यांनी दाबलं. घट्ट! मी टाळ्या वाजवणारच होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, चहा इथेच आणा, सीट छान आहे. आणला. त्यांनी फुंकून फुंकून प्याला, कप माझ्या हातात दिला आणि पुन्हा दाबलं. पाय खाली गेला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

मौन म्हणजे संमती. हिला तसं कळवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मायलेकींची स्वयंपाकघरात कुजबुज. नंतर हिने जाहीर केलं की गाडी रस्त्यावर काढायची नाही, टोइंगचा ट्रक सांगितलाय, आणि आईसुद्धा येणार आहे.

खरे रेसर गाडी ट्रकवरच नेतात. हिला हे सुचलं याचा अभिमान वाटला.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.५०
ट्रॅकवर पोचलो. अडतीस गाड्या रांगेत. लाल कॅलिपर फक्त माझे. हेल्मेट घालूनच उभा आहे. बाराही टिकांची यादी तपासनिसाला दिली. अक्षर छान आहे म्हणाला.

८.१०. तपासनिसाने पेडल दाबून धरलं. मी आधी वॉर्म-अप केला होता, पण हा माणूसही चहा मागवून बसला. पेडल खाली. मग टॉर्च घेऊन चाकाशी वाकला. बराच वेळ वाकलेलाच. खांदे हलत होते.

८.१५. डावा कॅलिपर उजवीकडे आहे. उजवा डावीकडे. म्हणून स्क्रू तळाशी आणि हवा वर अडकलेली. वर्षभर काढली असती तरी निघाली नसती. त्याने आणखी तिघांना बोलावून दाखवलं. पहिल्या वळणाला सरळ भिंतीत गेला असता, असं तो अगदी शांतपणे म्हणाला.

पहिल्या वळणाला ही शेजारी असती. डोळे मिटून. हेल्मेटची काच खाली ओढून घेतली. थंडी आहे.

८.३०. काचेवर लाल स्टिकर. गाडी बाद. सासूबाई तपासनिसाला म्हणाल्या की त्या पहिल्या दिवसापासून लिबलिबीत म्हणत होत्या. तो म्हणाला, नेमका तोच शब्द. त्याचा मदतनीस आलेला नाही. कोणीतरी आत बसून पेडल दाबायला हवं, म्हणजे त्याला चाकं बघता येतील.

११.३०. सासूबाईंनी सदतीस गाड्या तपासल्या. चार बाद केल्या. मी त्यांची पर्स धरून होतो.

१२.१०. पिवळ्या गाडीवाली दातांची डॉक्टर हिला म्हणाली, एक चक्कर मारायची? हिने आईकडे बघितलं. आई म्हणाल्या, "हिचं घट्ट आहे. जा."

गेली. तिन्ही वेळा माझ्यासमोरून गेली. हो, एक म्हणता म्हणता तीन चकरा. डोळे टक्क उघडे. आणि हसत होती. चोवीस वर्षांत गाडीत बसून हसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. हात केला. तिला दिसला नसावा, वेग होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.००
रजा टाकली. भाषण पुढे ढकललं. कारण: तांत्रिक. कंपनीला पत्र लिहिलेलं नाही.

यादीची नवी प्रत काढली. कोरी. पेन सासूबाईंकडे आहे. त्यांचा पाय पेडलवर. मी दोन्ही कॅलिपर काढून, पान्हा घेऊन, गाडीच्या तोंडासमोर उभा. दाबायला अजून वेळ आहे, म्हणालो.

त्या म्हणाल्या, "जावईबापू, आधी गाडीचं डावं चाक कुठलं ते दाखवा."

दाखवलं.

"दुसरं," त्या म्हणाल्या.