वहिनींच्या दवाखान्याचा दगड

आई, तुझी वही मी दाखवली. दाखवू नकोस म्हणाली होतीस, म्हणून तुला हे कळवणं भाग आहे.

सोमवारी वहिनींच्या घरातला नातू आला. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला, आता सरकारी दवाखान्याच्या समितीवर आहे. त्याच्या पणजोबांनी धाकट्या सुनेच्या नावानं जागा दिली तेव्हा तिथं चार खाटा होत्या. आता घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी व्हरांड्यातही जागा मिळत नाही. लोक अजून ‘वहिनींचा दवाखाना’च म्हणतात. नव्या इमारतीच्या दगडावर कोरायचा मजकूर त्यानं माझ्यापुढे ठेवला. ‘बाई, शुद्धलेखन तेवढं बघा. दुपारी कोरणारा येतोय.’ वहिनींनी आजाऱ्यांची सेवा करता करता देह ठेवला, असं त्यात होतं. तासाभरानं ये, म्हणाले, आणि तुझ्या वहीची ट्रंक उघडली.

मी सहा वर्षांची आहे. तू भाकरी थापते आहेस. परसदारी त्या घरातल्या थोरल्या सूनबाई उभ्या आहेत, पाण्याच्या निमित्तानं निघालेल्या, कडेवर रिकामी कळशी. ‘सिस्टर, जाऊबाईला कळा सुटून लई वेळ झालाय. हातपाय गार पडलेत. मामंजी न्हाई म्हनतात. मी सांगितलं म्हनू नका.’ तू तवा उतरवलास, निघण्याआधी नेहमीप्रमाणे वहीत वेळ आणि बोलावणाऱ्याचं नाव लिहिलंस, एका हातात बॅग, एका हातात मी. दारात मामंजी आडवे उभे. ‘तुला कुणी बोलावलं?’ अंगणात थोरल्या सूनबाई कळशी घेऊन तशाच उभ्या होत्या. तू म्हणालीस, ‘कुणी नाही. जाता जाता आले.’ ‘मग जा.’ आणि तू वळलीस. माझी बोटं दुखेपर्यंत दाबली होतीस. दुपारी त्या घरातून रडणं ऐकू आलं. वर्षाच्या आत मामंजींनी दवाखान्याला जागा दिली, आणि गेलेल्या बाईचं नाव मोठं झालं.

नगरला कॉलेजात शिकत असताना एका सुट्टीत मी तुला तोंडावर म्हणाले, तू खोटं बोललीस, दार ढकलायला हवं होतंस. तू पट्ट्यांच्या घड्या घालत होतीस. हात थांबले नाहीत. ‘तुला दार दिसलं. मला कळशी दिसत होती. तिला त्याच घरात नांदायचं होतं.’ मग वहीबद्दल बजावलंस: थोरली जिवंत असेपर्यंत कुणाला दाखवायची नाही. मी न जेवता स्टँडवर गेले. त्यानंतर हा विषय आपल्यात निघाला नाही.

नातू आला तेव्हा मी ते पान उघडून त्याच्या हातात दिलं. त्यानं उभ्यानंच वाचलं. तुझ्या अक्षरात: बोलावणं, थोरल्या सूनबाई. आत घेतलं नाही. परत. तो खाली बसला. त्याची आजी नव्वदीला आली आहे. जाऊ तडफडत होती आणि ही चुलीपाशी गप्प बसली, हे भावकीतल्या बायकांनी तिला जन्मभर ऐकवलं आहे. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. मी त्याचं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, ‘बाळंतपणात वेळेवर मदत घरात येऊ दिली नाही, म्हणून गेल्या.’

‘बाई, पणजोबांचं नाव याच दगडावर आहे.’

‘असू दे. जागा त्यांनीच दिली.’

तो उठला. मग कोरणाऱ्याला फोन करून आज येऊ नको म्हणाला, आणि वही मागितली. आजीला विचारल्याशिवाय काही करणार नाही, म्हणाला. दोन दिवस मी वाट पाहिली. तिनं नको म्हटलं असतं तर तुझा शब्द मी फुकट मोडला असता.

आज सकाळी तो सांगायला आला. आजीनं ते पान दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, ‘सिस्टरनी लिवून ठिवलं हुतं व्हय.’ आणि थोड्या वेळानं, ‘कोरा मग.’

दिलं ते असं: भेटींची वही एक, निळा पुठ्ठा, तुझ्या अक्षरातली. घेणार, थोरल्या सूनबाईंचा नातू. त्याची सही घेतली आहे. सगळी पानं आहेत. एक पान शिवणीपाशी दोन बोटं फाटलेलं आहे. त्या तासाभरात ते मीच फाडायला घेतलं होतं, तुझं ‘परत’ कुणी वाचू नये म्हणून.